भिंतीपलीकडचा डबा

दार उघडलं आणि आवाज आला नाही.

थोरल्यानं ते पुन्हा लावलं, चुकून कुणाच्या खोलीत शिरल्यासारखं. मग पुन्हा उघडलं. पिल्लं निघायच्या दिवशी या अंडी उबवायच्या यंत्राचं दार उघडलं की चिवचिवाट अंगावर कोसळायचा. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. लहानपणी तो आणि धाकटा त्या आवाजात एकमेकांना मनसोक्त शिव्या देऊन घ्यायचे, कारण माई शेजारी उभी असूनही तिला काही ऐकू जायचं नाही. आज नुसता पंखा फिरत होता. पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"झाली का सुरुवात?" मागून धाकटा आला. हातात पिल्लांच्या जाळीदार पेट्या, एकावर एक, थेट हनुवटीपर्यंत. "बाहेर गाड्या येऊन उभ्यात. पहिला गाडीवाला म्हणतो, चहा दोनदा झाला, आता पिल्लं दाखवा."

थोरला बाजूला झाला. धाकट्यानं आत पाहिलं. पेट्या खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

"लवकर उघडलंस तू, दादा."

"वेळेवर उघडलंय."

"मग अजून थोडा..."

"अरे, वेळेवर उघडलंय म्हणतोय ना!"

थोरल्यानं वरचा ट्रे ओढला. अंडी बहुतेक अखंड होती. काहींना चोचीएवढं भोक पडलेलं, आणि त्या भोकात चोच तशीच थांबलेली. थोडी पिल्लं बाहेर आली होती, ओली, चिकट, पाय फाकून पडलेली. त्यानं एक उचलून उलटं केलं. बेंबी मिटली नव्हती. पिवळा बलक पोटाबाहेर लोंबत होता, आणि पिल्लू जिवंत होतं. त्यानं एक डोळा उघडून थोरल्याकडे पाहिलं.

आजोबांनी लाकडी खोक्यात, कंदिलाच्या उबेवर अंडी ठेवायला सुरुवात केली तेव्हापासून या घरानं वाईट खेपा पाहिल्या होत्या. रोग आला, वीज गेली, एकदा तर अख्खी खोली पाण्यात गेली. पण गप्प यंत्र कुणी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बायकोला इकडे येऊ देऊ नकोस," थोरला म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

*

पण धाकटी आलीच. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती दारात उभी राहिली, आणि कुणाला तिला जा म्हणवेना.

स्टीलच्या लांब टेबलावर बादल्या मांडल्या गेल्या. न फुटलेली अंडी फोडून पिल्लू कुठं येऊन थांबलं ते बघायचं, ही या घराची जुनी रीत. एरवी चार-दोन ट्रेंचं काम, गप्पा मारत उरकायचं. आज टेबलाभोवती सगळं घर उभं होतं. माई, दोघे भाऊ, थोरली आणि धाकटी या दोघी जावा, आणि रात्रपाळी संपवून थेट आलेली माईची लेक, अजून पांढऱ्या गणवेशातच. ती बाळंतपणाच्या वॉर्डात काम करायची. घरातले तिला कौतुकानं नर्सबाई म्हणत आणि भांडण झालं की टोमण्यानंही तेच म्हणत.

थोरलीचा हात सगळ्यांत हलका. अंड्याच्या बोथट टोकावर अंगठा दाबून ती टरफल असं काढायची की आतल्या पापुद्र्याला धक्का लागायचा नाही. आज तिनं एकामागून एक अंडी फोडली आणि प्रत्येक वेळी तेच म्हणाली.

"पूर्ण आहे." दुसरं. "हेही पूर्ण. पिसं आहेत, नखं आहेत." तिसरं. "हे तर टोचायच्या तयारीत होतं."

"वहिनी, पुरे," नर्सबाई म्हणाली.

"पुरे कशाला? कळायला नको?"

"बेंबी उघडी राहते ती उष्णतेनं," माई म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात अंडं स्वतःच तापतं. त्याला वारा द्यावा लागतो. तुझ्या सासऱ्यांनी..."

"माई, उष्णता वाढलीच नाही!" धाकट्यानं फोन काढून टेबलावर ठेवला. "मी रोज सकाळी बघतोय. रात्रभर आकडा जागचा हललेला नाही. इतका स्थिर कधीच नव्हता."

"दिवसा मी स्वतः पारा बघितलाय," थोरला म्हणाला. "ठीक होता. अंडी खराब म्हणावीत, तर याच कोंबड्यांची अंडी पलीकडच्या हॅचरीत गेली आणि तिथं कालच पिल्लं निघाली. उष्णता नाही, रोग नाही, अंडी नाहीत. मग उरलं काय?"

थोरलीनं हातातलं अंडं खाली ठेवलं. हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

"डबा," ती म्हणाली.

*

डबा दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं स्वतः जोडला होता. ट्रेंमध्ये बोटाएवढ्या काड्या खोचलेल्या असत, त्या आतली उष्णता बिनतारी कळवत. भिंतीवरचा डबा ते ऐकून झडपा उघडायचा, पंखे वाढवायचा. त्याआधी रोज रात्री कुणीतरी उठायचं, ट्रेमधलं अंडं मिटलेल्या पापणीवर टेकवायचं आणि यंत्राला किती वारा द्यायचा ते ठरवायचं. डबा आला, घर झोपायला लागलं. सगळ्यांत जास्त थोरला. डब्याचं त्यानं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण घोरणं तेवढं वाढलं होतं.

"तो डबा ज्या भिंतीवर आहे," थोरली म्हणाली, "त्या भिंतीला पलीकडून माझी उशी होती."

सगळ्यांना डबा बसवला ते वर्ष आठवलं. थोरलीची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी हात टेकले होते. त्यानंतर थोरलीला त्या खोलीत झोप लागेना. ती पुढच्या खोलीत गेली, आणि धाकट्याचं लग्न झाल्यावर ती खोली त्या दोघांना मिळाली.

"वहिनी, काहीतरी काय," धाकटा हसायला गेला आणि मध्येच थांबला. "दोन वर्षं हाच डबा आहे. दोन वर्षं पिल्लं निघतायत की."

"गेल्या महिन्यात नवी अँटेना लावलीस. जास्त ताकदीची. सगळ्यांना बोलावून दाखवलीस."

"हो, पण..."

"आणि आधीच्या ताकदीला अंडी तगली. त्यांना टरफल असतं. माझ्या पोरीला कुठलं होतं?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत तिनं 'माझी पोर' असे शब्द उच्चारले नव्हते. आपल्याला दुःख झालंय की राग आलाय, हे कळायच्या आत तो धाकट्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"की या डब्याच्या किरणांतून असं काही होऊ शकतं. हो की नाही, एवढंच सांग."

"दादा, सगळ्या जगात फोन आहेत, वायफाय आहे. मी एकट्यानं..."

"जग गेलं खड्ड्यात! नर्सबाई, तू सांग. होऊ शकतं का नाही?"

नर्सबाईला रात्रभराच्या जागरणानं उभं राहवत नव्हतं. या घरात तिला असेच प्रश्न येत, लघवी तपासायची का इथपासून देव आहे का इथपर्यंत, आणि सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असे.

"प्रयोग झालेत," ती म्हणाली. "उंदरांवर, कोंबडीच्या अंड्यांवर. काहींत परिणाम दिसला, काहींत काहीच दिसला नाही. तेही आपल्या घरातल्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत. माणसांच्या बाबतीत ठरलेल्या मर्यादेच्या आत धोका आहे असं सिद्ध झालेलं नाही."

"सिद्ध झालेलं नाही म्हणजे नाही का?" थोरली म्हणाली.

"नाही म्हणजे... वहिनी, ठामपणे नाही असं कोण सांगेल? पोटावर फोन ठेवू नका, उशाशी राऊटर नको, एवढं आम्ही सांगतो. काळजी म्हणून."

"उशाशी नको," थोरलीनं शब्द उचलले. "ऐकलंत सगळ्यांनी? आणि माझ्या उशाशी काय होतं?"

माईनं खुर्ची ओढली आणि बसली. तिच्या डोळ्यांसमोर डबा नव्हता. तिला त्या वर्षीची एक दुपार दिसत होती. सून म्हणाली होती, माई, आज बाळ हलत नाहीये. आणि ती म्हणाली होती, झोपलं असेल गं, पोरं झोपतात. या घरात कुणी बाहेरगावी गेलं की माई असंच म्हणायची: निरोप आला नाही म्हणजे बरं चाललंय. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती आणि सुनेनंही तिला कधी ऐकवली नव्हती. आता सून बोट दाखवत होती ते भिंतीकडे, आणि माईला लाज वाटली की त्या बोटाकडे बघून तिला हलकं वाटत होतं.

"काढा तो डबा," माई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा."

"माई, तू पण?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"डबा तर निघेलच," थोरला म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि त्यामुळेच सगळे दचकले. "तूही नीघ. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर. बायकोला घे आणि जा. तुझ्या हातची वस्तू मला या घरात नको. तुझं तोंडही नको."

"दादा!" नर्सबाई ओरडली.

"काय दादा? माझी पोर गेली, नर्सबाई!"

धाकटा भावाकडे बघत राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर बघायचा तसा, आपण नक्की काय केलं हे न कळलेला.

"मला खरंच माहीत नव्हतं रे," तो म्हणाला. "आणि अजूनही मला... रात्री आकडा इतका स्थिर होता. एकदाही हलला नाही."

*

"रात्री म्हणजे कधीपासून?"

प्रश्न धाकटीनं विचारला होता. ती इतका वेळ बोलली नव्हती, त्यामुळे सगळे वळले.

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"आकडा रात्री हलला नाही म्हणतोस. कधीपासून कधीपर्यंत?"

"ते कशाला आता?"

"सांग ना."

धाकट्यानं फोन उचलला. "आपण झोपतो त्या सुमारास थांबतो. सकाळी तू उठतेस, मग परत हलायला लागतो. रोज तसंच. गेला आठवडाभर."

धाकटीनं टेबलाची कड धरली.

घरात अंडी दिव्यावर धरून बघायचं काम तिचं होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून ती प्रत्येक अंडं प्रकाशासमोर धरायची आणि आत लाल शिरांचं जाळं दिसलं की बाजूला ठेवायची. कधी त्या जाळ्याच्या मधोमध एक ठिपका धडधडताना दिसायचा. आधी ते नुसतं काम होतं. पोट दिसायला लागलं तसं ते काम राहिलं नाही. मग नवी अँटेना आली. मग तिनं फोनवर वाचायला सुरुवात केली, अंड्यांवर फोन ठेवून केलेले ते प्रयोग, एकावरून दुसरा. ज्या किरणांना ती घाबरत होती त्याच किरणांवरून ती भीती तिच्यापर्यंत येत होती, हे तिला कळायचं आणि तरी वाचणं थांबायचं नाही. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं, सिद्ध काही नाही, ठामपणे कुणी सांगत नाही, झोप तू. त्यातलं 'ठामपणे कुणी सांगत नाही' एवढंच तिच्याबरोबर अंथरुणात आलं.

नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. वाईट म्हणून नाही, प्रेमानं हसला असता, आणि तेच नको होतं. म्हणून तिनं स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद घेतला, दोन पदरी कापडात घालून शिवला. डब्यावर बसेल असं, बाळाच्या टोपड्यासारखं. झोपायच्या आधी हळूच जाऊन चढवायचं, सकाळी सगळ्यांच्या आधी उतरवायचं. दिवसा ती त्या भिंतीजवळ फिरकतच नसे, मग दिवसा डब्यानं खुशाल काम करावं. कुणाचं काही बिघडत नाही, असं तिला वाटलं होतं.

बोललं नाही तर काय होईल? खोली रिकामी करायची. दोघांनी कुठंतरी जायचं. आणि नवऱ्यानं जन्मभर मान खाली घालून जगायचं, पुतणीला मारल्यासारखं.

बोललं तर? तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा उघडा दिसत होता. रडलेला, संतापलेला, पण उघडा. कुणीतरी तिच्या हातात एक कारण दिलं होतं, आणि ते काढून घ्यायचं काम आता धाकटीवर आलं होतं.

"आकडा स्थिर नव्हता," धाकटी म्हणाली. "आकडा येतच नव्हता. मी रात्री डबा झाकत होते."

"काय?" हे तिघं-चौघं एकदमच म्हणाले.

"कागदाचं... शिवलंय मी एक. त्यातून काही बाहेर जाऊ नये म्हणून. माझ्या बाजूला येऊ नये म्हणून." तिनं हातांनीच डब्याचा आकार दाखवला. "आत काही जाणारही नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

धाकट्यानं फोनकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काड्यांचं ऐकू आलं नाही तर डबा शेवटचा आकडाच खरा धरतो," तो म्हणाला. स्वतःशीच बोलल्यासारखा. "मीच तसं केलंय. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक. अंडी तापत गेली, झडपा उघडल्याच नाहीत. आणि मी रोज सकाळी बघत होतो तो सपाट आकडा. मला वाटलं, वा, किती छान चाललंय."

"आणि मी झोपलो होतो," थोरला म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं, आणि निघाल्यावर तो खाली बसला, थेट फरशीवर, बादल्यांच्या मध्ये.

*

नर्सबाईनं आजवर खूप खोल्यांमधली शांतता ऐकली होती. वाईट बातमी सांगून झाल्यावरची शांतता तिला दारातूनच ओळखू यायची. ही तशी नव्हती. इथं सगळे जण थोरलीकडे बघत होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

"म्हणजे डब्यानं नाही," थोरली म्हणाली.

"अंडी नाही, ताई," धाकटी म्हणाली. "अंडी माझ्यामुळे गेली."

"आणि माझी?"

"वहिनी," नर्सबाईनं सुरुवात केली आणि तिला जाणवलं, आपण वॉर्डातला आवाज लावला. तिनं तो टाकून दिला. "मी त्या दिवशी तिथंच होते. सगळं बघितलं आम्ही. नाही कळलं. आजही नाही कळत. डब्यानं झालं असं म्हणायला मला काही आधार नाही. पण दुसरं काय, हेही नाही सांगता येत."

थोरलीनं मान हलवली. मग ती धाकटीकडे वळली, आणि नर्सबाई नकळत दोघींच्या मध्ये सरकली.

"आजच बोलायचं होतं का तुला?" थोरली म्हणाली. "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय झालं असतं? एक रात्र? मी एक रात्र झोपले असते गं. दोन वर्षांनी."

"ताई, दादा ह्यांना घालवून देत होते."

"तो कुठं घालवतोय? त्याला सकाळी चहा करता येत नाही धाकट्याशिवाय. संध्याकाळी गेला असता त्यालाच शोधायला." तिनं डोळे पुसले, हाताचा बलक गालाला लागला. "मलाही कळत होतं ते. तरी मी बोलू दिलं त्याला. मला ऐकायचं होतं."

माई खुर्चीतून उठली. ती सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. थोरलीनं ते झटकले नाहीत.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. धाकटा दाराकडे वळला.

"मी सांगून येतो त्यांना," तो म्हणाला. "आणि वहिनी, डबा मी नीट करतो. ऐकू आलं नाही तर बोंब मारेल असा. आता दोष कळलाय, आता काही भीती नाही."

"कशाची भीती नाही?"

"म्हणजे... डब्याची. किरणांची. कळलं ना आता, अंडी उष्णतेनं गेली."

"अंड्यांचं कळलं," थोरली म्हणाली. तिनं हात लांब करून धाकटीच्या पोटाकडे बोट दाखवलं, पण विचारलं ते नर्सबाईला. "हिचं तुला कळलंय?"

नर्सबाईकडे उत्तर होतं. ते लांब होतं, बरोबर होतं, आणि बहुधा काही होणार नाही, असा त्याचा शेवट होता. तिनं थोरलीकडे पाहिलं आणि तो 'बहुधा' बाजूला ठेवला.

"घाबरण्यासारखं काही नाही, वहिनी," ती म्हणाली. "पण नक्की विचारशील तर, नाही. नक्की नाही कळलेलं."

"मग झालं." थोरलीनं अॅप्रन सोडला. "आजपासून ही पुढच्या खोलीत झोपेल, माझ्या जागेवर. तिथल्या भिंतीला काही नाही."

"आणि तू?" फरशीवरून थोरला म्हणाला.

"मी मागच्या खोलीत."

"डब्याशेजारी? तुला झोप येणार आहे का तिथं?"

"मला पुढच्या खोलीतही येत नाही," थोरली म्हणाली. "रात्री उठून अंडं पापणीला लावायला कुणीतरी जागं हवंच ना."

धाकटी रडायला लागली. थोरली तिला जवळ घ्यायला पुढे झाली आणि मध्येच थांबून स्वतःच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत टरफलं, बलक, पिसं. तिनं हात मागे नेले, आणि नुसतं कपाळ धाकटीच्या कपाळाला टेकवलं.

"माझी उशी मात्र मी देणार नाही," ती म्हणाली. "तुझी तू घेऊन ये."